पर्शियन मांजर सतत केसांचे गोळे ओकतेय, किती नॉर्मल आणि काय द्यायचं?

चिंगीची_आई (अमळनेर)

नमस्कार सगळ्यांना, आमची चिंगी पर्शियन आहे, तीन वर्षांची, पांढरी, घरातच असते गच्चीवर सुद्धा एकटी सोडत नाही. उन्हाळा लागल्यापासून तिचे केस इतके गळताहेत की कूलरसमोर बसलं की ताटात केस येतात. आणि दर आठ-दहा दिवसांनी ती ते केसांचं ओकते, ओल्या कापसाच्या पेळूसारखं लांबट असतं, कधी त्याच्याबरोबर पिवळं पाणी, कधी थोडं खाल्लेलं. मधेमधे नुसतंच खॅक् खॅक् करते आणि काहीच पडत नाही. खाणंपिणं चालू आहे, खेळते पण, पण ते ओकायच्या आधीचं तिचं तोंड बघवत नाही हो, जीव कासावीस होतो.

सासूबाई म्हणतात रोज चमचाभर तूप चाट, शेजारच्या काकू म्हणतात एरंडेल पाज पोट साफ होईल, मेडिकलवाला लिक्विड पॅराफिनची बाटली काढून देत होता. मी काहीच दिलं नाही अजून. गावातले डॉक्टर चांगले आहेत पण त्यांच्याकडे सगळी गाई-म्हशी-बकऱ्यांची गर्दी, मांजर बघून ते म्हणाले केस ओकतात मांजरी, चालतं. खरंच चालतं का? किती वेळा झालं की काळजी करायची? आणि घरच्या घरी काय करू, कृपया ज्यांनी लांब केसांची मांजर पाळली आहे त्यांनी सांगा.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई आधी हे सांगतो की एरंडेल आणि पॅराफिन दोन्ही नको, अजिबात नको. एरंडेल जहाल जुलाब आहे, एवढ्याशा जिवाला पाणी कमी पडून ती आडवी होईल, त्यात आपल्याकडचा ४४-४५ डिग्रीचा मे महिना. आणि पॅराफिनला चव नाही वास नाही, त्यामुळे सिरिंजने तोंडात सोडलं की मांजरीला ठसका सुद्धा लागत नाही आणि ते सरळ श्वासनळीतून फुप्फुसात उतरू शकतं, तेलाचा न्यूमोनिया होतो तो बरा करणं फार अवघड. तूप विष नाही, बोटभर चाटलं तर काही होत नाही, पण त्याने केस सरकतील ही समजूत बरोबर नाही, तूप पोटात पचतं हो, आतड्यापर्यंत वंगण म्हणून ते उरतच नाही. रोज दिलं तर जुलाब नाहीतर वजन.

आता केस पोटात जातात कसे तर मांजरीच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखात जे केराटिन असतं त्याचेच. २०१८ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं की हे काटे टोकाला पोकळ असतात, त्यात लाळ भरून ती थेट केसांच्या मुळापर्यंत पोचवली जाते. म्हणजे ती चाटते तेव्हा अंग धुते, विंचरते आणि गार पण करते. जागेपणीचा जवळपास चौथा हिस्सा मांजर यातच घालवते. पण काटे मागे वळलेले असल्यामुळे एकदा जिभेला अडकलेला केस तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केस पचत नाही. बहुतेक केस शीतून निघून जातात, जे पोटात राहतात त्यांचा गुंता होतो आणि तो वर येतो, अन्ननळीतून दाबून येतो म्हणून लांबट दिसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पोटात काय ओतायचं याच्यापेक्षा पोटात जाणारा केसच कमी करा. जो केस ब्रशवर आला तो पोटात गेला नाही, एवढं साधं आहे. पर्शियनला रोज विंचरावंच लागतं, आठवड्यातून एकदा करून भागत नाही कारण वरचा लांब केस वेगळा आणि आतली लोकर वेगळी, गळते ती मुख्य ती आतली. वरवर मऊ ब्रश फिरवला की वरून छान दिसते आणि आत सगळा गुंता तसाच. बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि एक स्टीलचा रुंद दातांचा कंगवा घ्या, जळगावात मिळेल नाहीतर ऑनलाइन. आधी कंगवा, कातडीपर्यंत जाईल असा पण जोर न लावता, केस भाग पाडून पाडून. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि शेपटीखाली जास्त गुंता होतो आणि तिथेच मांजर हात लावू देत नाही, तेव्हा तिथे दोन-तीनदाच कंगवा फिरवायचा आणि सोडून द्यायचं, उद्या परत. झोपेतून उठून आळस देते ना ती वेळ धरा. झालं की ओल्या हाताने एकदा अंगावरून फिरवा, सुटलेला केस हाताला येतो, नाहीतर तुम्ही सोडला की ती लगेच चाटून तोच गिळणार.

गाठ झालीच तर कात्रीने कापू नका. मांजरीची कातडी पातळ, गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते, आमच्याकडे पाहुण्यांच्या मांजरीला टाके पडले होते. गाठीच्या खाली कातडीला लागून कंगवा धरायचा आणि वरून बोटांनी थोडी थोडी मोकळी करायची.

---

व्हेट_स्टुडंट (शिरपूर)

मी अजून शिकतोय त्यामुळे हे डॉक्टरी सल्ला म्हणून घेऊ नका, पण ताई तुमच्या पोस्टमधली एक ओळ मला खटकली, "नुसतंच खॅक् खॅक् करते आणि काहीच पडत नाही". ते आणि गोळा ओकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

ओकताना मांजर आधी ओठ चाटते, लाळ गळते, मग पोट जोरजोरात आत-बाहेर होतं, सगळं अंग हलतं आणि शेवटी काहीतरी बाहेर येतं, केस नाहीतर पाणी. खोकताना ती जमिनीला लागून बसते, मान पुढे लांब करते, कोपरं बाहेर काढते, आणि आवाज छातीतून येतो, पोट तेवढं हलत नाही, झालं की एकदा गिळते आणि काही झालंच नाही असं उठून जाते. हे मांजरीचा दमा असू शकतो. बरेच लोक महिनोन् महिने हेअरबॉल समजून पेस्ट चाटवत बसतात आणि इकडे श्वासनळ्या सुजत राहतात, म्हणून मी हे आग्रहाने लिहितोय. मोबाइलवर व्हिडिओ काढा पुढच्या वेळी, डॉक्टरसमोर ती कधीच खोकणार नाही.

अजून एक, झोपलेली असताना छाती एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. तीसच्या आत असेल तर ठीक. सारखं चाळीसच्या वर असेल तर थांबू नका, आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर रात्र असो की लग्नाचा मांडव असो त्याच क्षणी उचलून न्यायचं.

किती वेळा ओकलं तर चालतं याचं उत्तर सगळीकडे एकच नाही. कॉर्नेल विद्यापीठाचं मांजरांचं केंद्र आहे ते म्हणतं की बाकी सगळं ठीक असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा गोळा पडला तरी घाबरू नका. दुसरे मांजरांचे डॉक्टर याला सैल समजतात, ते म्हणतात वारंवार होत असेल तर दोन प्रश्न विचारा, ही जास्त केस गिळतेय का, किंवा पोट-आतडी केस पुढे ढकलायला कमी पडताहेत का. मला हे दुसरं जास्त पटतं. जास्त गिळत असेल तर पिसवा, कातडीची ॲलर्जी, कुठेतरी दुखणं, किंवा घरात काही बदल झालाय आणि ताणाने सारखं चाटतेय. आतडं कमी पडत असेल तर आतड्याची जुनी सूज, खाण्याची ॲलर्जी, म्हाताऱ्या मांजरीत थायरॉइड किंवा आतड्याचा कॅन्सर सुद्धा. चिंगी तरुण आहे म्हणून शेवटच्या दोन गोष्टींची भीती घेऊ नका, पण वजन दर महिन्याला करा. तिला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं मग स्वतःचं वजा करायचं.

आणि हे दिसलं तर घरगुती काहीही न करता दवाखाना: पुन्हा पुन्हा उबळ येतेय पण काहीच पडत नाही आणि खाणं सोडलं, पोट ताठ झालंय, दोन दिवस शी नाही, ओकण्यात रक्त, किंवा कोपऱ्यात जाऊन बसली. केसांचा गोळा आतड्यात अडकू शकतो, क्वचित होतं पण झालं तर ऑपरेशनच. आणि मांजर एक दिवस पूर्ण उपाशी राहिली तरी ते हलकं घ्यायचं नाही, विशेषतः जाड मांजर, दोन-तीन दिवसांत चरबी लिव्हरवर चढते.

---

केळीबाग (रावेर)

वरच्या दोघा दादांनी चांगलं लिहिलंय. मी फक्त पिसवांचं लिहिते कारण आमच्याकडे शेतातल्या घरी गुरं, कुत्रं, मांजरी सगळं एकत्र असतं आणि हे मी जवळून बघितलेलं आहे.

पर्शियनच्या दाट केसात पिसू दिसतच नाही. उवांची बारीक फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर डाग सुटला तर ती पिसवांची घाण आहे, त्यात रक्त असतं. साधी माती असेल तर लाल होत नाही. घरातून बाहेर न जाणाऱ्या मांजरीला पण पिसवा होतात, आपल्या कपड्यावरून येतात, दुसऱ्या जनावरावरून येतात.

पण औषध!! हात जोडून सांगते गुरांचं गोचीडचं औषध मांजरीला लावू नका, पाणी घालून पातळ करून सुद्धा नाही. आणि कुत्र्याचं पण नाही. कुत्र्याच्या औषधात पुष्कळदा परमेथ्रीन असतं, मांजरीचं लिव्हर ते पचवू शकत नाही, थरथरायला लागते, झटके येतात आणि मरते. आमच्या भागात एका घरी गोठा फवारला तेच मांजरीवर पण फवारलं, संध्याकाळपर्यंत गेली बिचारी, पोटात पिल्लं होती. मांजरीसाठी म्हणून लिहिलेलं, फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचं मानेवर टाकायचं औषध मिळतं, तेच, आणि वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून.

फरशी फिनेलने पुसत असाल तर ते पण बंद करा ताई, पाय चाटते ना ती, ते सगळं पोटात.

आणि दोरा. हार-गजऱ्याचा दोरा, मांजा, शिवणाचा दोरा, रबरबँड, मांजरी हे गिळतात आणि मग जी उबळ येते ती अगदी केसांच्या गोळ्यासारखीच दिसते. दोरा जिभेखाली अडकलेला दिसला किंवा मागून लोंबत असला तर ओढू नये, आतलं आतडं चिरतं. तसंच घेऊन जायचं डॉक्टरकडे.

---

चिंगीची_आई (अमळनेर)

खूप खूप आभार, सगळं दोनदा वाचलं. दादा तुम्ही म्हणालात तो व्हिडिओ आज पहाटे मिळाला. तुम्ही लिहिलंय तस्संच, खाली बसून मान लांब, कोपरं बाहेर, पोट हलत नाहीये, आणि काही पडलं नाही. पण मागच्या आठवड्यात पडलेला गोळा तर खरा केसांचाच होता. म्हणजे दोन्ही आहे का? श्वास मोजले, एकदा २८ एकदा ३२ आले. उवांची फणी फिरवली, काळे कण निघाले आणि कागदावर लाल झालं!! आमच्या घरात पिसवा असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

कूलर नवीन गवत भरून लावलाय महिन्यापूर्वी, त्याची धूळ येते का? आणि मिस्टर म्हणताहेत सगळे केसच काढून टाकू या उन्हाळ्यात, तिला पण बरं वाटेल. करू का?

---

व्हेट_स्टुडंट (शिरपूर)

दोन्ही असू शकतं ताई. पिसवांमुळे जास्त चाटतेय म्हणून गोळे, आणि छातीचं वेगळं. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा आणि छातीचा एक्स-रे सांगतील तर काढा. एक लक्षात ठेवा, दम्यात एक्स-रे कधीकधी साफ पण येतो, म्हणून नुसत्या फोटोवरून "काही नाही" असं धरून चालू नका. फुप्फुसातले जंत आणि हृदय हे पण ते तपासतील. दमा निघाला तर स्टेरॉइडच्या गोळ्या आणि नंतर श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप, लहान मुलांचा मास्कवाला स्पेसर म्हणजे पंपाला लावायची नळी असते ना त्यातून मांजरीला पंप देता येतो, मांजरी शिकतात हळूहळू. पण यातलं काहीही स्वतःहून सुरू करू नका. आणि खोकल्याचं माणसांचं औषध, क्रोसिन वगैरे चुकूनही नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते.

कूलरच्या नवीन गवताची धूळ आणि जुन्या गवताची बुरशी दोन्ही त्रास देतात. गवत दोन-चार वेळा धुवून मग चालवा, टाकीचं पाणी बदला, तिला हवेच्या झोतासमोर झोपू देऊ नका. उदबत्ती-धूप तिच्या खोलीत नको, मच्छर कॉइल नको, आणि तिची वाळू धुळीची असेल तर बिनधुळीची घ्या.

---

भुसावळची_अक्का

केस काढायच्या प्रश्नावर मी लिहिते, माझ्याकडे पर्शियन बोका आहे आणि भुसावळचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू.

वस्तऱ्यासारखं तुळतुळीत करू नका. पांढऱ्या मांजरीची कातडी गुलाबी, खिडकीतल्या उन्हाने सुद्धा भाजते. शिवाय मशीनचा आवाज, अनोळखी माणूस, घट्ट धरून ठेवणं, मांजर इतकी घाबरते की काही ठिकाणी गुंगीचं औषध देऊन करतात, आणि तुमच्या चिंगीच्या छातीचं अजून नक्की नाही तर गुंगी नकोच आत्ता. पण मी याच्या सरसकट विरोधात नाही. ज्या मांजरीला विंचरू देतच नाही, अंगभर केसांचा गुंतून नमदा झालाय, तिला डॉक्टरांच्या देखरेखीत कापणं हीच दया आहे. चिंगीला रोज विंचरता येत असेल तर पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस तेवढे थोडे आखूड करून घ्या, बास.

पाणी वाढवा तिचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरडे दाणे खाऊन राहणारी मांजर पाणी कमी पिते आणि मग शी कडक, केस आत अडकून बसतात. मी घरात तीन-चार ठिकाणी रुंद पसरट भांडी ठेवते, मिशा कडेला लागल्या की त्याला आवडत नाही, आणि पाणी जेवणाच्या भांड्याला चिकटून ठेवत नाही. ओलं खाणं रोज एकदा तरी. चिकन उकडलेलं देत असाल तर त्यात ते पाणी घाला, मीठ कांदा लसूण काही नको, कांदा-लसूण मांजरीचं रक्त बिघडवतो. डांगर म्हणजे लाल भोपळा उकडून कुस्करून बिनमसाल्याचं अर्धा चमचा जेवणात मिसळलं तर शीला बरं पडतं. इसबगोल पण चालतो पण अगदी चिमूट आणि भिजवून, पाणी कमी आणि इसबगोल जास्त झाला तर उलटाच अडकतो.

माल्ट पेस्ट, म्हणजे पोटातले केस सरकायला चाटवतात ती, मी ठेवते, केस जास्त गळायच्या दिवसात आठवड्यातून दोन-तीनदा बोटाच्या पेराएवढी, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, पंजाला लावली की स्वतः चाटतो. पेट्रोलियम जेलीवाली पेस्ट रोज देऊ नका, जीवनसत्त्वं अंगाला लागत नाहीत. आणि गहू पेरा, घटाला पेरतो तसेच, पसरट कुंडीत माती आणि गहू, हाताच्या बोटाएवढे वाढले की समोर ठेवा. खाल्लं तर खाल्लं. बांधावरचं गवत आणून देऊ नका, तणनाशक मारलेलं असतं.

---

गिरणाकाठ (चाळीसगाव)

अक्कांशी सहमत, फक्त पेस्टबद्दल मी जरा कडक आहे. खोकला आहे हे दिसतंय तर डॉक्टर बघेपर्यंत पेस्ट पण थांबवा, खोकता खोकता ठसका नको. विंचरणं मात्र आजपासून.

---

चिंगीची_आई (अमळनेर)

पिसवांचं औषध डॉक्टरांनी वजन करून दिलं, पडदे-गाद्या सगळं गरम पाण्यात काढलं, घरात जी एक दत्तक मनी येते-जाते तिला पण औषध टाकलं. व्हिडिओ बघून डॉक्टर पण म्हणाले ही उलटी नाही, छाती तपासली आणि एक्स-रेला धुळ्याला जा म्हणाले. रोज सकाळी विंचरतेय, इतके केस निघतात की विश्वास बसत नाही. आता प्रश्न एवढाच की ह्या उन्हात तिला अमळनेरहून धुळ्यापर्यंत न्यायचं कसं, ती पिशवीत घातली की ओरडून ओरडून धापा टाकते.

---

केळीबाग (रावेर)

कशी शे तुनी मांजर आते, ऐकून बरं वाटलं व माय. पिशवीत नको नेऊ. जाळीची घट्ट टोपली किंवा कॅरिअर, दोन-तीन दिवस आधीपासून घरातच उघडा ठेव, आत तिचं जुनं फडकं आणि आवडता खाऊ टाक म्हणजे स्वतः आत जाईल. फोन करून सकाळची पहिली वेळ घे, उजाडायच्या आत निघ, शक्य असेल तर ओळखीच्या कोणाची गाडी एसी लावून, बसने गेलीस तर सावलीच्या बाजूची सीट धर. वरून पातळ ओलसर सुती फडकं टाक पण सगळीकडून झाकू नको, हवा पाहिजे. तळाला ओला टॉवेल नाही, कोरडाच, ओल्यावर ती बसत नाही. निघायच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवण देऊ नको, पाणी दे. बंद गाडीत पाच मिनिटं पण एकटी सोडू नको. आणि डॉक्टरांना फोनवरच सांग की खोकला आहे, वाट बघायला लागली तर कुत्र्यांपासून लांब बसवा म्हणून. व्हिडिओ, ती किती वेळा ओकली त्याच्या तारखा आणि पिसवांच्या औषधाचं खोकं, तिन्ही बरोबर ने.